दीड मिलिमीटरची जागा

अस्थींसाठीचं भांडं आपल्याकडे घरात कुणी करत नाही. ते आणायचं असतं. अंत्यविधीचं सामान मिळतं त्या दुकानात बांबू, सुतळी आणि पांढऱ्या कापडाशेजारी मडकी रचून ठेवलेली असतात. त्यातलं एक कुणीतरी शेजारी उचलून आणतो, आणि हेच का निवडलं असं त्याला कुणी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, निवलेली हाडं वेचून मडक्यात भरायची, तोंडाला फडकं बांधायचं. मडकं घरात येत नाही. ते स्मशानातल्या झाडाला टांगलेलं राहतं आणि दहाव्याच्या आत नदीला जातं. एवढ्या थोड्या दिवसांच्या भांड्याचा घाट कसा, माप किती, टिकेल किती, याचा विचार कुणी करत नाही, आणि तो करू नये यातच त्या पद्धतीचं शहाणपण आहे. मला ते लहानपणापासून पटत आलेलं आहे. तरीही वडिलांच्या अस्थींसाठी मी सागाची पेटी केली, आणि मला जेवढं नीट करता येईल तेवढं नीट केलं.

अण्णा रत्नागिरी जिल्ह्यात आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ राहायला आले. सामानात कपडे कमी आणि हत्यारं जास्त: एक लहान रंधा, चार पटाश्या, गुण्या, धारेचा दगड. आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला त्यांनी एक ओटा बसवला आणि तिथे ते रमले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खुर्च्यांचे पाय, पक्ष्यांसाठी खोकी, माझ्या मुलीसाठी अभ्यासाचं मेज. हिवाळ्यात ते आजारी पडले आणि त्या आजारातून उठले नाहीत.

इथे अस्थी सावडायला मिळत नाहीत. बंद भट्टीत आठशे ते हजार अंश तापमानात साधारण दीड तासात सगळं होतं. मग उरलेली हाडं यंत्रात दळून त्यांची भरड पूड करतात. आपण रक्षा म्हणतो त्यात लाकडाची राख पुष्कळ असते. इथे हातात येते ती जवळजवळ सगळी हाडांची, फिकट करडी, वाळूसारखी जड. दोन-तीन दिवसांनी ती मला प्लॅस्टिकच्या बरणीत मिळाली. झाकणावर छापील चिठ्ठी, तिच्यावर अण्णांचं पूर्ण नाव आणि एक क्रमांक. देणाऱ्या बाईंनी बरणी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली, फार आदराने. तक्रार करावी असं काहीच नव्हतं. पण परत येताना लक्षात आलं की अण्णा गेल्यापासून माझ्या हातांनी काहीही केलेलं नाही. सह्या केल्या होत्या आणि एक बटण दाबलं होतं.

गावात असं होत नाही. कुणी गेलं की पहिली हालचाल हातांची असते. कुणी बांबू तोडायला जातो, कुणी सुतळी सोडतो, अंगणात चार माणसं उकिडवी बसून तिरडी बांधू लागतात. त्यांच्यातला एखादा जाणता गाठी पुन्हा ओढून बघतो. ती तिरडी तासा-दोन तासांत जळून जाणार असते, पण ती ढिली बांधलेली मी कधी पाहिली नाही. मग खांदा, लाकडं रचणं, पाणी, तिसऱ्या दिवशीची सावडासावड. दुःखाला बोलता येत नाही अशा वेळी परंपरेने माणसांच्या हातांना कामं वाटून दिलेली आहेत. ही कामं पुरुषांची, हेही खरं. गावात असते तर मला तिरडीच्या जवळपास फिरकू दिलं नसतं. इथे ती कामं कुणालाच उरलेली नव्हती. एकच उरलं होतं: त्या प्लॅस्टिकच्या बरणीतून काढून अण्णांना गावाकडे संगमेश्वरापर्यंत कशातून न्यायचं हे ठरवण्याचं.

फोनवर काकू म्हणाली, "अस्थी घरात ठेवू नको हो, गो. काही झालं तरी घरात नको." मी सांगितलं, गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत, अण्णांच्या ओट्यावरच्या फळीवर. ती जरा थांबली आणि म्हणाली, "तिथे चालेल."

परक्या मुलखात आपल्या माणसाला निरोप कसा द्यायचा, हा प्रश्न परदेशात गेलेल्या मराठी माणसापुढे पहिल्यांदा आला असं नाही. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परत निघाले आणि वाटेत, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीत फ्लॉरेन्स इथे वारले. त्या शहरात प्रेत जाळण्याची रीत नव्हती. तरीही परवानगी मिळवली गेली आणि आर्नो व मुन्योने या नद्या मिळतात तिथे, कॅशिने बागेच्या टोकाला, त्यांना अग्नी दिला. परक्या देशात, रात्रीच्या वेळी, सोबतच्या मंडळींनी आधी शोधला तो संगम. मला या गोष्टीतलं हेच सर्वांत जवळचं वाटतं. तिथे पुढे छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला आणि शेजारच्या आधुनिक पुलालाही आज 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाचंच नाव आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या टेकड्यांवर अशीच एक पांढरी छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन तिथल्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला आणि त्यांची रक्षा समुद्रात सोडली. १९२१ साली छत्रीचं अनावरण झालं. या लोकांना निदान उघड्या आभाळाखाली लाकडांची चिता मिळाली. ती रचणारे हात त्यांच्याच माणसांचे होते.

लाकूड कुठलं घ्यायचं याबद्दल मला विचार करावा लागला नाही. इथे ओक चांगला मिळतो, अक्रोड मिळतं, पण अण्णांच्या लेखी लाकूड म्हणजे साग आणि बाकीची झाडं. हार्टलपूल आमच्यापासून जवळ आहे. तिथल्या गोदीत 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे जुनं लढाऊ जहाज पाण्यावर उभं आहे. ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागातून बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलं. त्या वेळी पुण्यात पेशवाईचे शेवटचे दिवस चालू होते. खडकीची लढाई व्हायला महिनाही उरला नव्हता. ब्रिटनमध्ये पाण्यावर असलेलं सर्वांत जुनं लढाऊ जहाज आज हेच. अण्णांना ते दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी तोफांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खालच्या डेकवर वाकून चालत ते प्रत्येक तुळईवर तळवा ठेवत गेले. एका ठिकाणी नाक लावून वास घेतला. दोनशे वर्षं झाली तरी लाकडाला गाभ्याचं तेल आहे, म्हणाले. त्या तेलामुळे वाळवी लागत नाही, पाणी मुरत नाही. मग तुळई आणि पोटवासा यांचा जोड त्यांनी इतका वेळ न्याहाळला की तिथला रखवालदार जवळ येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितलं, हे सुतारकाम शिकवत होते, आणि हे लाकूड यांच्या मुलखाकडचं आहे. त्याने अण्णांसाठी दोरी बाजूला केली आणि एरवी बंद असलेला कोपरा दाखवला.

जुन्या इमारतींचं सामान विकणाऱ्या एका वखारीत मला सागाची फळी मिळाली. इथल्या जुन्या शाळांतल्या प्रयोगशाळांचे ओटे सागाचे करत, कारण आम्ल सांडलं तरी लाकूड टिकतं. शाळा पाडल्या किंवा नव्या केल्या की ते ओटे वखारीत येतात. माझ्या फळीवर काळे डाग होते, एका कडेला कुणा पोरांनी कर्कटकाने कोरलेली आद्याक्षरं होती, खालच्या बाजूला च्युइंगगम वाळून दगड झालेलं होतं. वर्गात वाढलेलं लाकूड अण्णांना आवडलं असतं, यात मला शंका नाही. रंधा फिरवल्यावर काळ्या थराखालून जो मधासारखा रंग वर आला तो पाहून मी काम थांबवून थोडा वेळ बसून राहिले.

साग रंधणं सोपं नसतं. त्यात वाळूचा अंश असतो, पात्याची धार लवकर जाते. दर थोड्या वेळाने दगडाकडे जावं लागतं. हत्याराला धार लावताना माणूस घाई करू शकत नाही, हे अण्णा वर्गात पहिल्या दिवशी सांगत. लहानपणी मी त्यांच्या कार्यशाळेत सुट्टीत जाऊन बसायची. पोरं जोड करून आणत, त्याला तिथे 'जॉब' म्हणत. अण्णा जॉब उजेडासमोर धरत. जोडातून उजेडाची रेघ दिसली तर जॉब परत. रेघ नसली तरी ते खूश होत नसत. मग ते अंगठा आत घालून आतली बाजू चाचपत. बाहेरून गुळगुळीत आणि आतून खडबडीत असलेला जॉब ते न बोलता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवत. त्या बाजूला ठेवण्याचा अर्थ सगळ्या वर्गाला कळत असे.

मापाचा एक आडाखा इकडचे सुतार वापरतात: माणूस धडधाकट असताना जितके पौंड वजनाचा, तितके घनइंच जागा पेटीत हवी. अण्णा ६५ किलोंचे, म्हणजे १४३ पौंड. १४३ घनइंच म्हणजे सव्वादोन लिटरांहून थोडं जास्त. शेवटच्या आजारात ते फार वाळले होते. पण आजारात माणसाची हाडं त्या मानाने फारशी घटत नाहीत, म्हणून हिशेबाला निरोगी वजनच घ्यायचं. हे वाचलं तेव्हा मला मोठा आधार वाटला. दवाखान्याच्या तक्त्यावरचे उतरते आकडे बाजूला ठेवून मला ट्रिंकोमालीच्या डेकवर चालणारे अण्णा मोजायचे होते. पिशवीला थोडी सैल जागा हवी म्हणून आतलं माप २० × १३ × ११ सेंटिमीटर धरलं.

कोपऱ्यांना डोव्हटेलचे जोड. पुढे रुंद आणि मुळाशी अरुंद असे दात एका फळीला, तशाच खाचा दुसरीला. दाताचा उतार मऊ लाकडाला एकास सहा, कठीण लाकडाला एकास आठ, हे मी अण्णांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की वेगळं शिकावं लागलं नाही. तळाची फळी चारी बाजूंच्या खाचणीत नुसती बसवलेली. झाकण सरकतं. बिजागरी, स्क्रू, खिळा काही नाही. याला एक व्यवहारी कारणही होतं: विमानतळावर पेटी क्ष-किरणांतून जावी लागते, धातूच्या कलशातलं दिसत नाही आणि मग अडचण होते, लाकूड मात्र आरपार दिसतं. सरसही लावला नाही. सागाच्या तेलामुळे एरवीही तो नीट धरत नाही, स्पिरिटने पुसून घ्यावं लागतं. पण खरं कारण वेगळं होतं. ही पेटी एक दिवस रिकामी होणार आणि त्या दिवशी ती उकलता यावी, असं मला वाटत होतं.

झाकणापाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. लाकूड कापल्यावरही हवेशी बोलत राहतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, तेही रेषेच्या आडव्या दिशेनेच. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. साग या बाबतीत फार शांत लाकूड आहे, पण तोही अगदी स्थिर नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात, घर तापवून कोरड्या झालेल्या हवेत केलेलं झाकण कोकणात पावसाच्या तोंडावर उघडायचं होतं. इथे घट्ट बसवलं असतं तर तिथे ते अडकलं असतं, आणि नदीकाठी भावाला पेटीशी झटापट करावी लागली असती. तेरा सेंटिमीटर रुंदीला अशा हवापालटात साधारण दीड मिलिमीटर वाढ धरावी, असा हिशेब निघाला. म्हणून झाकण मी मुद्दाम तेवढं सैल ठेवलं. इथे ते किंचित खडखडत होतं. पाहणाऱ्याला ते अर्धवट काम वाटलं असतं. पण ती सैल जागा संगमेश्वरच्या हवेसाठी राखलेली होती, आणि पेटीत मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट तीच आहे.

नंतर आतली बाजू. इथे माझ्या मुलीने विचारलं, "आई, आत पिशवी असणार, मग आतून कशाला घासतेस?" मी तिला सोपाऱ्याची गोष्ट सांगितली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे लहान तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. हे सगळं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. ज्या कारागिराने स्फटिक कोरून गुळगुळीत केला त्याला ठाऊक होतं की दगडी झाकण बसल्यावर ते काम पुन्हा कुणाच्या डोळ्यांना दिसायचं नाही. मातीच्या चार तुकड्यांसाठी त्याने ते केलं. मुलीने पॉलिश पेपर घेतला आणि आतला तळ घासायला बसली.

शेवटी जवसाचं तेल, पातळ हातांनी, कापडाने, दोनदा मुरवून. तेलाची चिंधी चुरगळून टाकून द्यायची नाही, पसरून बाहेर वाळत घालायची, कारण जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. हा अण्णांचा आयटीआयमधला सर्वांत कडक नियम होता. मी चिंध्या कुंपणावर पसरल्या. नाव कोरलं नाही. मडक्यावर नाव नसतं. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून सुतार शिसपेन्सिलने एक त्रिकोण काढतात, तेवढा तळाखाली राहू दिला.

पेटी तयार झाली तरी जायला वेळ लागला. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, भारतात न्यायची कागदपत्रं, माझी रजा. घाई करावी असं आता वाटत नव्हतं. थांबण्याने अस्थींचा अपमान होत नाही. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग कटकच्या बँकेत लाकडी पेटीत कित्येक दशकं पडून होता आणि ३० जानेवारी १९९७ रोजी तो प्रयागच्या संगमावर पोचला. पेटीचं काम मुळात थांबण्याचंच असतं. कलशाला ते जमत नाही, मडक्याला तर नाहीच.

विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने कागद पाहिले, पडद्यावर पाहिलं आणि पेटी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. पट्ट्यावरून पुढे ढकलली नाही.

मृग लागून गेला होता. भाऊ मुंबईला घ्यायला आला होता, रात्रभर आम्ही पावसातून खाली उतरलो. काकूने सांगितल्याप्रमाणे पेटी घरात नेली नाही, अंगणातल्या फणसाच्या आळ्याजवळ पडवीच्या खांबाला बांधून ठेवली. सकाळी कसब्याला कर्णेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही अलकनंदा-वरुणेच्या संगमावर उतरलो. पाणी गढूळ, भरून आलेलं. भावाने झाकणाला हात लावला. खडखड नव्हती. झाकण खाचणीत असं बसलं होतं की अंगठ्याने जरासा जोर दिल्यावर एका लयीत सरकत गेलं, ना सैल ना घट्ट. भाऊ सुतार नाही, तो बँकेत आहे, पण त्याचं लहानपण त्याच कार्यशाळेत गेलं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग गुरुजींनी सांगितलं तसं आम्ही दोघांनी मिळून अण्णांना पाण्यात सोडलं. मला कुणी मागे हो म्हटलं नाही.

पेटीचं काय करायचं, यावर घरी थोडी चर्चा झाली. काका म्हणाले, तीही नदीला द्यायला हवी होती. पण साग तरंगत गेला असता आणि कुठल्यातरी बंधाऱ्याला अडकला असता. काकू म्हणाली, घरात ठेवायची नाही. दोघांचंही बरोबर होतं. मी लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकून जोड सोडवले, सहा फळ्या वेगळ्या झाल्या, त्या विहिरीवर धुतल्या आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवून आले. तिथे अण्णांनी चाळीस वर्षं जपलेले लाकडाचे तुकडे आहेत, एकही टाकलेला नाही. प्रत्येकाबद्दल 'कामाला येईल' हेच त्यांचं म्हणणं असे. आता त्यांत या सहा.

गेल्या महिन्यात इथल्या एका मराठी मुलाचा फोन आला. त्याची आई त्याच्याकडे असताना गेली. "ताई, तुमची ती पेटी काही दिवसांसाठी मिळेल का?" मी सांगितलं, ती आता फळ्या होऊन कोकणात आहे. पण लाकूड माझ्याकडे उरलं आहे, शनिवारी ये. पेटी तू करायचीस, मी शेजारी उभी राहीन. तो आला. त्याने आयुष्यात रंधा हातात धरलेला नव्हता. आधी माप काढायचं म्हणून मी विचारलं, आईचं वजन किती होतं, बरी असताना? त्याला सांगता येईना. त्याने साताऱ्याला बहिणीला फोन लावला. दोघं आधी वजनाबद्दल बोलली, मग उंचीबद्दल, मग आई कुठली लुगडी नेसायची आणि दोन पायल्या जोंधळे एकटी कशी उचलायची याबद्दल. बोलणं बराच वेळ चाललं. तोवर मी रंध्याच्या पात्याला धार लावून घेतली.